मुक्काम पोस्ट लष्कर : तंबू उठलेच नाहीत, त्या गावाची गोष्ट

आजचा भाग माझ्या घरातल्या एका बंद खोक्यापासून सुरू करतो.

तीन वर्षं मी एका नाटकाच्या टीमबरोबर लाइट्सचं काम करत फिरत होतो. आज सोलापूर, उद्या लातूर, परवा हायवेवरचा कुठलातरी लॉज. गेल्या जूनपासून पुण्यात फ्लॅट घेतलाय, अकरा महिन्यांच्या करारावर. मालकांची अट एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आठ महिने झाले, गादी अजून जमिनीवरच आहे. आणि एक खोकं मी उघडलेलंच नाही. म्हटलं, परत बांधायचंच आहे तर सोडायचं कशाला? मजा म्हणजे रात्री जाग आली की अजूनही पहिला विचार हाच येतो, आज कुठल्या गावात आहोत आपण?

तर हे सगळं डोक्यात असताना मला ग्वाल्हेर आठवलं. तिथे आमचा एक प्रयोग होता. टेम्पोवाला म्हणाला, "लश्कर जाना है ना?" मला वाटलं मिलिटरी एरिया असेल, आपल्या पुण्यातल्या कॅम्पसारखा. तसं नाहीये. लष्कर हे ग्वाल्हेरचं मुख्य शहर आहे. बाजार, सराफा, महाराज बाडा, सगळं तिथेच. आणि त्या शहराचं नाव लष्कर आहे, कारण ते खरंच एक लष्कर होतं. फिरतं. १८१० साली ते किल्ल्याच्या दक्षिणेला मुक्कामाला आलं आणि मग उठलंच नाही.

कोणाचं लष्कर? दौलतराव शिंद्यांचं. पुणेकरांना वानवडीची शिंदे छत्री माहीत असेल. महादजी शिंदे १७९४ साली तिथेच गेले आणि गादी आली दौलतरावांकडे. वय किती, तर जेमतेम पंधरा. पुढची काही वर्षं त्यांचा तळ पुण्याजवळच होता. तिथेच १७९८ मध्ये कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी बायजाबाई हिच्याशी त्यांचं लग्न झालं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिच्याकडेच यायचंय.

मग १८०३. असई, लासवारी, आडगाव, तिन्हीकडे इंग्रजांकडून पराभव. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब असा मोठा मुलूख हातातून गेला. फौज मात्र पोसायची होतीच. आता विचार करा, फौज आहे, पगार द्यायचाय, आणि महसूल देणारा मुलूख आटलाय. मग करायचं काय? फिरायचं. राजपुतान्यात जायचं, एखाद्या संस्थानाकडून खंडणी मागायची, मिळेपर्यंत तिथेच तळ द्यायचा. आपल्याकडे याला मुलूखगिरी म्हणायचे. हौस म्हणून नव्हे हं. हजारो घोडे, बैल, उंट, हत्ती एका जागी थांबले की आसपासचा चारा संपतो. थांबणंच परवडत नाही.

हा फिरता संसार कसा होता, हे आपल्याला कळतं ते टॉमस ब्रॉटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यामुळे. शिंद्यांच्या दरबारी जो ब्रिटिश रेसिडेंट होता, त्याच्या रक्षक तुकडीचा हा प्रमुख. १८०९ साली छावणीतून तो भावाला पत्रं लिहीत होता, ती १८१३ मध्ये लंडनला पुस्तक म्हणून छापली गेली. त्याचा सूर बऱ्याचदा तुच्छतेचा आहे, वाचताना राग येतो. पण डोळा तीक्ष्ण आहे.

तो सांगतो, तळ हलायचा तेव्हा सगळ्यात पुढे बिनीवाला जायचा. थांबा इथे. बिनीचा शिलेदार, बिनीचा फलंदाज, बिनीवाले आडनाव, हे सगळं इथून येतं. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. तर हा बिनीवाला जागा बघून एक लहान पांढरं निशाण रोवायचा. तिथे महाराजांचे तंबू. मग मागून एकेका बाजाराची निशाणं लागत जायची, आणि दर मुक्कामाला त्याच क्रमाने. दोन्ही बाजूंना दुकानांची रांग, मधून एक लांबच लांब रस्ता, कधीकधी तीन-चार मैलांचा. सरदारांचे गोट त्या रस्त्याच्या डावी-उजवीकडे.

म्हणजे गाव रोज नवं, पण पत्ता तोच! वाण्याचं दुकान काल जिथे होतं, आजही त्याच गल्लीत, फक्त गल्ली दहा कोस पुढे सरकलेली. मला हे वाचून फार हेवा वाटला, खरं सांगतो. आम्ही फिरायचो तेव्हा दर गावात चहाची टपरी नव्याने शोधावी लागायची.

आणि ही नुसती सैनिकांची गर्दी नव्हती. सावकार, सराफ, कासार, भिश्ती, नाचणाऱ्या बायका, बैरागी, पोरंटोरं. बांबूंवर जाड कापड किंवा घोंगडी टाकली की झालं दुकान, झालं घर. या तळाबाहेर ज्यांना दुसरं घरच नव्हतं अशी माणसं त्यात कितीतरी होती. याच तळावर ब्रॉटनला एक तरुण शिपाई भेटतो, जोरावरसिंग. ती निघते मुलगी. भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत, त्याला सोडवायला पैसे हवेत म्हणून पुरुषाच्या वेषात पलटणीत भरती झालेली. गुपित फुटल्यावर दौलतराव आणि बायजाबाईंनी तिची बाजू घेतली.

गोड गोड चित्र रंगवायचं नाहीये मला. पगार महिनोन्‌महिने थकायचे. मग शिपाई कारभाऱ्याच्या दारात धरणं धरून बसायचे, हिशेब मिटेपर्यंत त्यालाही जेवता यायचं नाही. आपण आज 'धरणे आंदोलन' म्हणतो ना, त्यातलं धरणं ते हेच. आणि ज्या गावाच्या शेताशेजारी हा तळ पडायचा, त्या शेतकऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात मात्र थांबावंच लागायचं. नद्या भरल्या, तोफा चिखलात रुतल्या, मग तीन-चार महिने एका जागी. तंबूंऐवजी गवताने शाकारलेल्या झोपड्या. यालाच छावणी म्हणायचे, कारण छप्पर छावायचं. थोडक्यात काय, तर छावणी म्हणजे त्या काळचा अकरा महिन्यांचा करार. दसरा आला की सीमोल्लंघन आणि कूच.

१८१० सालीही ग्वाल्हेरजवळ असाच एक मुक्काम पडला. १८०५ च्या तहात किल्ला इंग्रजांकडून परत मिळाला होता. जुनी राजधानी उज्जैन दक्षिणेला दूर राहिली, आणि चंबळेपलीकडे आता इंग्रजांचं राज्य, त्यामुळे लक्ष ठेवायला जागा मोक्याची. जुनं ग्वाल्हेर गाव किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला होतं, दक्षिणेला मोकळं मैदान. तिथे तंबू पडले. नाव काय ठेवलं? काहीच नाही. लोक 'लष्कर' म्हणायचे, कारण ते लष्करच होतं.

पण यावेळी ते उठलं नाही. मला वाटतं, कोणी एका दिवशी बसून 'आता राजधानी इथे' असं ठरवलं नसावं. एखाद्या सावकाराने पैशांची पेटी ठेवायला मातीची भिंत घातली असेल. शेजाऱ्याने म्हटलं असेल, मीही घालतो. १८१७ च्या नोव्हेंबरात दौलतरावांनी इंग्रजांशी आणखी एक तह केला, पेंढाऱ्यांविरुद्ध मदत करायचा, आणि त्यानंतर मुलूखगिरीला मुलूखच उरला नाही. फिरणं बंद झालं ते असं. घर मिळालं म्हणून थांबले, असं नाही. रस्ते बंद झाले म्हणून घर करावं लागलं.

आज लष्करात फिरलात तर तो तळ अजून वाचता येतो. कवायती पलटणींचा कंपू होता, तो भाग आजही 'कंपू'. तोफखान्याची जिनसी होती, तिथे 'जिंसी नाला'. 'फालका बाजार' फाळक्यांचा, 'पाटणकर बाजार' पाटणकरांचा. 'खासगी बाजार' आहे. 'शिंदे की छावनी' आहे, अटलबिहारी वाजपेयी जन्मले ते तिथेच. आणि माझं सगळ्यात आवडतं, 'चिटनीस की गोठ'. ऐकून वाटतं गाईंचा गोठा. पण तो आहे गोट, चिटणीसांचा गोट. गंमत बघा, मराठीत गोट आणि कंपू हे दोन्ही शब्द आता फक्त राजकारणाच्या बातम्यांत उरलेत, अमक्याच्या गोटात खळबळ, तमक्याचा कंपू. तिकडे त्यांच्यात लोक राहतात, गॅस सिलिंडर मागवतात.

दौलतराव १८२७ मध्ये वारले. मुलगा नव्हता, बायजाबाईंनी दत्तक घेतला आणि कारभार स्वतः चालवला. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप तिने १८२८ मध्ये बांधला. म्हणजे जिचं अर्धं आयुष्य कापडाखाली गेलं, ती आता दगडात बांधत होती. आणि १८३३ मध्ये त्याच दत्तक मुलाशी, जनकोजीरावांशी बिनसलं, फौज त्याच्या बाजूने गेली आणि बाईला लष्कर सोडावं लागलं. पुन्हा तळ, पुन्हा मुक्काम.

१८३५ मध्ये फतेहगडला फॅनी पार्क्स नावाची इंग्रज प्रवासी तिला भेटली. फॅनी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायच्या मडमांच्या खोगिरावरून घोडा चालवायची, त्याची बाईच्या गोटातल्या बायकांना भारी गंमत वाटली. मग त्यांनी तिला मराठी पद्धतीने कपडे नेसवून, दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसवलं. फॅनीला ते इतकं आवडलं की तिने मोकळेपणाने लिहून ठेवलंय. राज्य गेलेलं, घर गेलेलं, आणि तळावर घोडेस्वारीची चेष्टामस्करी चाललेली. मला ते दृश्य डोक्यातून काढता येत नाही.

पुढे काही वर्षं बाई नाशिकलाही होती. अखेर ग्वाल्हेरला परत आली आणि १८६३ मध्ये तिथेच गेली. त्यानंतर अकरा वर्षांनी लष्करात जयविलास महाल उभा राहिला. त्याचा आराखडा मायकेल फिलोज याचा, आणि हे फिलोज घराणं म्हणजे ज्यां बाप्तिस्त फिलोजचं. ब्रॉटनच्या वर्णनात महाराजांच्या तंबूंच्याही मागे, तळाच्या शेपटाला ज्याच्या पलटणीचा बाजार असायचा, तो हा ज्यां बाप्तिस्त.

चिटनीस की गोठमध्ये मी एका दुकानदाराला विचारलं होतं, हे नाव कशावरून पडलं? तो कचोरी कागदात बांधत म्हणाला, "पहले से है." कधीपासून? "शुरू से."

माझा करार मेमध्ये संपतोय. मालकांचा मेसेज आलाय, पुढे वाढवायचा का म्हणून. खोकं अजून तसंच आहे. भेटू पुढच्या भागात.