मतपत्रिकेवर पहिलं नाव कोणाचं?

निवडणूक म्हटली की कोण जिंकलं, किती मतांनी जिंकलं, याचीच चर्चा रंगते. आज आम्ही त्याच्या एक पाऊल आधीचा प्रश्न घेतला आहे. मतपत्रिकेवर कोणाचं नाव पहिलं आणि कोणाचं शेवटचं, हे कशावरून ठरतं? प्रश्न दिसायला कारकुनी वाटतो. पण 'अनुक्रमांक एक, पहिलंच बटन' असं सांगत प्रचाराची गाडी गावातून फिरते, तेव्हा निदान उमेदवाराला तरी त्या क्रमांकाची किंमत कळलेली असते.

सुरुवात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून करू. साल 1951-52. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नावच नव्हतं, बरं का! प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून ही युक्ती. लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. 1957 सालीही पद्धत तीच होती. अडचण एवढीच की एक उमेदवार वाढला की प्रत्येक केंद्रावर एक पेटी वाढायची. पुढे एकाच कागदावर सगळी नावं आणि चिन्हं छापून त्यावर शिक्का मारण्याची पद्धत आली, आणि 1962 च्या निवडणुकीपासून ती सर्वसाधारणपणे रूढ झाली. नावं एकाखाली एक आली, आणि कोणीतरी वर अन् कोणीतरी खाली असणं अटळ झालं.

कायद्याने याचं उत्तर सोपं दिलं होतं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 38 म्हणत होतं, वर्णानुक्रम लावा. नावाआधी डॉक्टर किंवा प्राध्यापक लावलं म्हणून क्रम बदलत नाही. दोघांचं नाव एकच असेल तर धंदा किंवा गाव जोडून फरक दाखवायचा. वर्णमालेला जात नाही, पैसा नाही, तिची शिफारस चालत नाही. हा तिचा मोठा गुण.

पण तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. नियम सर्वांना सारखा लागू होणं वेगळं, आणि त्या नियमाने सर्वांना सारखी संधी मिळणं वेगळं. वर्णानुक्रमात 'अ'वाला अनंत दर निवडणुकीत वर आणि 'ह'वाला हरिभाऊ दर निवडणुकीत खाली. याचा परिणाम होतो का? ऑस्ट्रेलियात 1937 साली न्यू साउथ वेल्समध्ये मजूर पक्षाने सिनेटसाठी चार उमेदवार दिले, चौघांचीही आडनावं 'ए' या अक्षराची: अमूर, आर्थर, आर्मस्ट्राँग, ॲश्ली. पक्षाचा गट त्यामुळे वर आला आणि चौघेही निवडून आले. केवळ अक्षरामुळे जिंकले असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण पक्ष अक्षर पाहून माणूस निवडू लागला, तिथे अक्षराचा निष्पक्षपणा संपला. पुढे 1984 पासून तिथल्या प्रतिनिधीगृहाच्या मतपत्रिकेवरचा क्रम सोडतीने ठरू लागला.

आपल्याकडे वळण आलं 1996 साली, आणि त्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. त्या वर्षी लोकसभेला देशभर 13,952 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून बेळगावच्या मराठी भाषकांनी अर्जांची रास लावली, आणि एका बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार झाले. आंध्रात नलगोंड्याला 480. आता वर्णानुक्रमाच्या त्या जंगलात मतदाराने आपला उमेदवार शोधायचा कसा?

त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत 500 रुपयांवरून 10,000 झाली. 1998 ला उमेदवार 4,750 वर आले. आणि कलम 38 मध्ये तीन पायऱ्या आल्या: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. वर्णानुक्रम उरला तो त्या त्या पायरीच्या आत. आजच्या यंत्रावरही क्रम हाच आहे, आणि 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सगळ्यांच्या खाली 'नोटा'.

हा बदल लहान नाही. आधी खाली जाण्याचं कारण नावाचं अक्षर होतं, आता कारण दर्जा आहे. पक्ष नसलेला नागरिक, त्याचं नाव 'अ'ने सुरू होत असलं तरी, पक्षवाल्यांच्या खालीच. सोयीची बाजू आम्ही नाकारत नाही. बेळगावसारख्या यादीत ओळखीचे पक्ष वर असणं मतदाराच्या उपयोगाचंच आहे. आणि खालची जागा म्हणजे पराभव असंही नाही. 2019 ला आपल्याच अमरावतीतून नवनीत राणा अपक्ष म्हणून लोकसभेत गेल्या.

पायऱ्यांनी गोंधळ संपला, असंही नाही. 2014 ला रायगडमध्ये सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला 9,849 मतं पडली होती. पायरी वेगळी होती, तरी नाव तेच. 2015 पासून उमेदवाराचं छायाचित्र आलं ते अशाच गोंधळावर उपाय म्हणून.

मग करावं काय? आमचं म्हणणं असं, की प्रत्येक पायरीच्या आत क्रम चिठ्ठीने ठरवावा, उमेदवारांच्या देखत. चिठ्ठी आपल्याला परकी नाही. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात ग्रामसभेच्या समित्यांसाठी घागरीतून ताडपत्राच्या चिठ्ठ्या काढण्याचे नियम कोरलेले आहेत. ॲरिस्टॉटलने तर पदं चिठ्ठीने भरणं हे लोकशाहीचं लक्षण मानलं. आजचा कायदाही समसमान मतं पडली की चिठ्ठीच काढतो. मुंबई महापालिकेत 2017 ला एका प्रभागाचा निकाल असाच लागला. जी चिठ्ठी नगरसेवक ठरवायला चालते, ती नावांचा क्रम ठरवायला का चालू नये?

कोणी म्हणेल, मग नाव सापडणार कसं? मंडळी, वाचता न येणाऱ्या आपल्या आजोबा-आजींनी 1952 ला चिन्ह पाहून पेटी बरोबर ओळखली होती. चिन्ह आजही आहे, आता फोटोही आहे. अडचण मतदाराची नाही.

इथे मोझरीत सामुदायिक प्रार्थनेला बसताना कोणी कोणाचा दर्जा विचारत नाही. मतपत्रिकेवर नावं एकाखाली एकच छापावी लागतात, त्याला इलाज नाही. पण वर कोण आणि खाली कोण, हे दर वेळी नव्याने आणि सगळ्यांसमोर ठरावं, एवढं तर आपण मागू शकतो.