संशोधन पद्धती आणि डिजिटल साधनांची निवड

संशोधन पद्धती आणि डिजिटल साधनांची निवड हा शैक्षणिक संशोधनाच्या आराखड्यातील प्रारंभिक टप्पा होय. संशोधन प्रश्नाचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधायचे हे पद्धतीवरून ठरते. माहितीचे संकलन, साठवण, विश्लेषण आणि संदर्भांची नोंद यांसाठी साधने वापरली जातात. आधी प्रश्न, मग पद्धती आणि शेवटी साधन असा क्रम सामान्यतः योग्य मानला जातो.

पद्धतीची निवड

पद्धती प्रश्नाच्या स्वरूपावर अवलंबून असते. एखाद्या तालुक्यातील किती मुली दहावीनंतर शिक्षण सोडतात, हे पाहण्यासाठी सर्वेक्षणासारखी संख्यात्मक पद्धती उपयुक्त ठरते. तो निर्णय घरात कसा व का घेतला जातो, हे समजण्यासाठी मुलाखत किंवा निरीक्षण या गुणात्मक पद्धतींची गरज असते. दोन्ही प्रश्न एकत्र असल्यास मिश्र पद्धती स्वीकारली जाते.

साधनांचे प्रकार

संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी १९६८ पासून प्रचलित असलेले एसपीएसएस आणि ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेली 'आर' ही मुक्त संगणक भाषा वापरली जाते. मुलाखतींच्या मजकुराचे वर्गीकरण करण्यासाठी एनव्हिवोसारखी सॉफ्टवेअर आहेत. मात्र अर्थ लावण्याचे काम संशोधकालाच करावे लागते. संदर्भ व्यवस्थापनासाठी २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेले झोटेरो हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे.

चुकीच्या निवडीचे परिणाम

स्प्रेडशीट सर्वत्र उपलब्ध असल्याने अनेकदा तिच्या क्षमतेबाहेरील कामांसाठीही वापरली जाते. एक्सेलमध्ये 'सेप्ट २' सारखी जनुकांची नावे आपोआप तारखांमध्ये बदलत असत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल फाइलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. पुढे २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अशी काही नावेच बदलली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेल्याने कोविड-१९ चे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून वगळले गेले आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्के दाखवला होता. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन, मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन यांनी मूळ फाइल तपासली. सूत्रात पाच देश सुटले होते. ही चूक, वगळलेली माहिती आणि भारांकनाची पद्धत या तिन्ही बाबी बदलल्यावर त्यांना हा दर २.२ टक्के आढळला. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, परंतु अन्य आक्षेप स्वीकारले नाहीत. यातील एकच दोष साधनाच्या वापरातील होता. उर्वरित वाद पद्धतीविषयी होता.

निवडीचे निकष

साधन निवडताना पुढील बाबी तपासल्या जातात:
• विश्लेषणाचा प्रत्येक टप्पा नोंदवला जातो काय व इतरांना तो पुन्हा करून पाहता येतो काय;
• माहिती अन्य सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात जतन होते काय;
• परवान्याचा खर्च संशोधन संपल्यानंतरही परवडेल काय;
• सहभागी व्यक्तींची ओळख गोपनीय राहते काय.

मराठीतील संशोधन

मराठी मजकुराच्या अभ्यासात अक्षरसंकेतनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला, तरी शोध व शब्दगणना करणाऱ्या साधनांना तो वाचता येत नाही. त्यामुळे विश्लेषणापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून पाहणे आवश्यक असते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा' या डिजिटल संग्रहात उपलब्ध होतात. पद्धती निश्चित करण्यापूर्वी त्याच विषयावरील आधीचे प्रबंध तेथे पाहता येतात.