खेळ आणि व्यसन यांमधील रेषा

मुलगा दोन तास व्हिडिओ गेम खेळला तर ती करमणूक आणि सहा तास खेळला तर ते व्यसन, अशी सोपी मोजणी आज पुष्कळ घरांतून चालते. घड्याळ समोर असले म्हणजे निवाडा लवकर होतो. परंतु तो बरोबर होतोच असे नाही. खेळ कोठे संपतो व व्यसन कोठे सुरू होते, हा प्रश्न काही यंत्रयुगाने निर्माण केलेला नव्हे. तो फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिला म्हणजे घड्याळाचे माप किती अपुरे आहे ते ध्यानात येते.

प्रथम 'व्यसन' हा शब्दच पाहावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याचा अर्थ असा सांगितला आहे की, जे मनुष्याला त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन. म्हणजे वस्तू कोणती हा प्रश्न गौण. तिने मनुष्याचे काय केले हा मुख्य. कामापासून उत्पन्न होणारी चार व्यसने तेथे दिली आहेत: मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्यपान. यांपैकी मृगया अधिक वाईट की द्यूत, असा वाद आठव्या अधिकरणात आला आहे. पिशुन नामक आचार्य मृगयेला दोष देतो. कारण रानात चोर, शत्रू, श्वापदे व वणवा यांचे भय असते, आणि द्यूतात निष्णात खेळाडू जिंकतोच. कौटिल्याचे उत्तर असे की, एक जिंकतो तेव्हा दुसरा हरतोच. नल आणि युधिष्ठिर आठवावेत. पुढे तो द्यूताचे आणखी एक अनिष्ट सांगतो, आणि ते वाचून आजचा वाचक चकित होतो. जुगारी मलमूत्राचा वेग रोखून धरतो, भूक मारतो, आणि त्यामुळे त्याला रोग जडतात. मृगयेत निदान व्यायाम तरी घडतो! पडद्यासमोरून न उठणाऱ्या मुलाचे वर्णन याहून निराळे काय करावयाचे?

असे असूनही कौटिल्याने द्यूत बंद केले नाही. त्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी आणला, फासे सरकारी ठेवले आणि जिंकलेल्या धनाचा शेकडा ५ भाग राजाला लावला. खेळणाऱ्याइतकेच खेळविणाऱ्यावरही लक्ष हवे, हे त्याने ओळखले होते.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. १९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ निघाला. तोमोहिरो निशिकादो हा त्याचा कर्ता. नाणे टाकावे, थोडा वेळ खेळावे, हरावे, आणि पुन्हा खेळावयाचे तर पुन्हा नाणे टाकावे, अशी त्या यंत्रांची रीत होती. खेळाला शेवट होता, आणि खिशालाही. पुढे खेळ इंटरनेटवर आला आणि हा शेवटच नाहीसा झाला. २००४ साली निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या खेळात आपण झोपलो तरी तेथील जग चालूच राहते. कित्येक खेळ तर फुकट वाटले जातात आणि आत बंद पेट्या विकल्या जातात. पेटीत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ साली अशा काही पेट्यांना जुगारच ठरविले.

राज्यकर्त्यांनी प्रथम धाव घेतली ती घड्याळाकडे. दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०११ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुले आईबापांच्या नावाने खेळू लागली. शिवाय मोबाइलवरील खेळ या बंदीबाहेरच होते. दहा वर्षांनी, २०२२ च्या आरंभी, तो कायदा गेला. चीनने सप्टेंबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास नेमून दिला.

वैद्यकशास्त्राने मात्र वेगळी वाट धरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात या विकाराला स्थान मिळाले. परंतु त्याच्या लक्षणांत तासांचा आकडा नाही. खेळावरचा ताबा सुटणे. इतर आवडी व नित्यकर्मे मागे पडून खेळच पुढे येणे. नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढणे. आणि हे सारे सामान्यतः निदान बारा महिने टिकणे, ही ती लक्षणे. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा विकार होतो, असेही संघटनेने सांगितले आहे. कल्याणापासून दूर फेकणे ही जुनी व्याख्या आणि ही नवी लक्षणे यांत अंतर किती थोडे आहे!

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली आणि ई-स्पोर्ट्स या स्पर्धात्मक खेळांना मान्यता दिली. पैशाची रेषा कायदा आखू शकतो. मनाची रेषा त्याला आखता येत नाही. ते काम घराचेच आहे. सुटीत चार तास खेळून हाक मारताच उठणारा, जेवणारा, मित्रांत मिसळणारा मुलगा खेळाडू आहे. त्याला रोगी म्हणणे अन्याय होय. तासभरच खेळणारा, परंतु त्या तासापायी झोप, अभ्यास आणि माणसे टाकणारा, आणि थांबावेसे वाटूनही थांबू न शकणारा मुलगा मात्र आपल्या मदतीची वाट पाहत असतो. त्याला रागावण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा, आणि तो खेळ कोणी, कशाच्या लाभासाठी बिनशेवटाचा केला आहे, याचीही चौकशी करावी.