दाईचे हात, मोजणीची वही

दाईपासून पोट लपत नाही, असे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. म्हणीत दाईला एवढा मान आहे, व्यवहारात मात्र तो कधी मिळाला नाही. अकीक्याच्या दिवशी तिच्या पदरात शिधा आणि लुगडे पडे, आणि मग पुढचे बाळंतपण येईपर्यंत तिची आठवण कोणाला होत नसे. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली तर अल्लाहची मेहरबानी आणि काही विपरीत घडले तर दाईचा दोष, असा साधा हिशेब होता. पुढे इस्पितळे आली, शिकलेल्या नर्सेस आल्या, तरी हा हिशेब फारसा बदलला नाही. मुलगी नर्सिंगला जाते म्हटले की आजही मोहल्ल्यात भुवया उंचावतात. म्हणून या हातांचा इतिहास एकदा नीट पाहावा, असे आम्हांला वाटले.

सुरुवात आपल्या घरापासून करायला हरकत नाही. खंदकच्या लढाईत (इ. स. ६२७) हजरत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा त्यांना मदीनेच्या मशिदीत उभारलेल्या एका तंबूत ठेवण्यात आले. हा तंबू रुफैदा असलमिया या बाईंचा होता आणि त्या तिथे जखमींची शुश्रूषा करीत, असे सीरतचे ग्रंथ सांगतात. तंबू मशिदीच्या आवारात होता, ही गोष्ट आपल्या वाइजांतून फारशी ऐकू येत नाही. पुढे दहाव्या शतकात अंदलुसमध्ये अबुल कासिम अल-जहरावी यांनी शस्त्रक्रियेवरच्या आपल्या ग्रंथात अडलेल्या बाळंतपणात दाईने काय करावे, हे शिकवण्यासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहून झालेल्या ‘मुकद्दिमा’मध्ये दाईच्या कामाला आवश्यक आणि प्रतिष्ठित हुन्नरांत स्थान दिले. इतकेच नव्हे, तर दूध तुटेपर्यंतच्या बाळाच्या दुखण्यांवर दाईला कुशल हकीमापेक्षा अधिक कळते, असा स्पष्ट निर्वाळा दिला. राज्ये का उभी राहतात आणि का कोसळतात याचा विचार करणारा माणूस थांबून दाईवर एक प्रकरण लिहितो! आमच्या मते हे त्या ग्रंथाच्या मोठेपणाचेच लक्षण आहे.

पण कौतुक वेगळे आणि तालीम वेगळी. दाईला शाळेत बसवून, लिहायला-वाचायला शिकवून, इस्पितळात रुग्णांच्या खाटेशी उभे करून तयार करण्याचा एक मोठा प्रयोग १८३२ साली मिसरमध्ये झाला. त्याची हकीकत मराठीत फारशी आलेली नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

महंमद अली पाशांना फौज हवी होती आणि फौजेसाठी निरोगी माणसे हवी होती. त्यांनी क्लोत नावाच्या फ्रेंच डॉक्टरला बोलावून घेतले. तोच पुढे क्लोत बे म्हणून ओळखला गेला. १८२७ साली काहिऱ्याजवळ अबू जाबल येथे वैद्यकीय शाळा सुरू झाली. लवकरच ध्यानात आले की, सैनिकांवर उपचार करून भागत नाही. उपदंश घराघरांत पसरला होता, देवीने मुले मरत होती, आणि घरातल्या बायकांपर्यंत पुरुष डॉक्टर पोहोचू शकत नव्हता. तेव्हा स्त्रियांसाठी स्वतंत्र शाळा काढायचे ठरले.

शाळा निघाली, पण विद्यार्थिनी मिळेनात. कोणीही आपली मुलगी पाठवायला तयार नव्हते. शेवटी सरकारने काहिऱ्याच्या गुलामांच्या बाजारातून सुदानी आणि हबशी मुली विकत आणल्या. आधुनिक वैद्यकाची सरकारी तालीम घेणाऱ्या मिसरमधल्या या पहिल्या स्त्रिया. प्रतिष्ठित घरांनी नाकारलेली विद्या विकत घेतलेल्या मुलींच्या वाट्याला आली. पुढे अनाथ मुलीही दाखल झाल्या. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. आधी अरबी लिहिणे-वाचणे, मग प्रसूतिशास्त्र, बाळंतिणीची आणि नवजात बाळाची देखभाल, देवी काढणे, मलमपट्टी, औषधे तयार करणे. १८३७ साली वैद्यकीय शाळा कस्र अल-ऐनीला हलली आणि मुलींची शाळा काहिऱ्यातल्या अजबकियाच्या इस्पितळाशी जोडली गेली. त्यामुळे पुस्तकात वाचलेले खाटेवरच्या रुग्णाशी ताडून पाहता येऊ लागले. (फ्रान्समध्ये त्याच्या पाऊणशे वर्षे आधी, १७५९ साली, मादाम द्यू कूद्रे या सुईणीला राजाने गावोगाव शिकवायला धाडले होते. कापड-चामड्याची बाई आणि बाळ करून ती त्यावर खेड्यातल्या बायकांकडून सराव करून घेई. आजच्या नर्सिंग कॉलेजांतल्या पुतळ्यांची ती पणजी म्हणायला हरकत नाही.)

शिकून बाहेर पडलेल्या मुलीला ‘हकीमा’ म्हणत. तिला फौजेतला हुद्दा मिळे, सरकारी पगार मिळे, आणि तिचे लग्नही सरकार डॉक्टर अधिकाऱ्याशी लावून देई. हकीमा मोहल्ल्यात जाऊन मुलांना देवी काढी, जन्माच्या नोंदी तपासण्यास मदत करी, आणि मृत स्त्रीच्या शरीराची पाहणी करून मृत्यू संशयास्पद आहे की नाही हे सांगे. पोलीस ठाण्यात स्त्रियांच्या तपासणीसाठीही तिलाच बोलावत. या शेवटच्या कामाविषयी आमच्या मनात खंत आहे. जिला बाजारातून विकत आणले, तिलाच पुढे इतर गरीब बायकांवर सरकारचा डोळा म्हणून नेमले गेले. जुन्या दायांवरही तिचीच देखरेख. परवान्याशिवाय दाईने काम करायचे नाही आणि बाळंतपण अडले तर हकीमेला बोलवायचे, असा दंडक होता. तरीही बहुतेक बाळंतपणे दायाच करीत राहिल्या.

१८८२ साली इंग्रजांनी मिसर ताब्यात घेतला. सहा वर्षे शिकलेली ही जवळजवळ डॉक्टर असलेली बाई त्यांच्या चौकटीत बसेना. हळूहळू हकीमेचा दर्जा उतरवून तिला डॉक्टरच्या हाताखालची नर्स-सुईण करण्यात आले. पूर्वेकडच्या बाईला पश्चिमेने शिकवले, हे आपण नेहमी ऐकतो. इथे घडले ते नेमके उलटे.

आता त्याच काळातल्या व्हिएन्नाकडे वळू. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. दाखल करून घेण्याचे दिवस आलटून पालटून ठरलेले, त्यामुळे कोणती बाई कुठे जाणार हे तिच्या हाती नसे. १८४० पासून पहिल्या विभागात फक्त वैद्यकीय विद्यार्थी आणि दुसऱ्यात फक्त शिकाऊ सुईणी, अशी वाटणी झाली. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभर बाळंतिणींमागे सुमारे दहा मेल्या, तर सुईणींच्या विभागात सुमारे चार. शहरातल्या गरीब बायकांना हे विद्वानांच्या आधी कळले होते. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या हात जोडून विनवण्या करीत. रस्त्यातच बाळंत होऊन मग इस्पितळात आलेल्या बायकांना ताप कमी येतो, हेही दिसत होते.

इग्नाझ सेमेलवाइस हा तिथला तरुण डॉक्टर. त्याने एकेक कारण घेऊन तपासले. गर्दी म्हणावी, तर सुईणींच्या विभागात ती जास्त. हवा म्हणावी, तर दोन्हीकडे तीच. मरणाऱ्या बाईसाठी घंटा वाजवीत जाणाऱ्या पाद्रीमुळे बाकीच्या घाबरतात, असेही कोणी सुचवले. त्याने घंटाही बंद करून पाहिली, फरक पडला नाही. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा मित्र कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी लागून मेला आणि त्याचे दुखणे बाळंतिणींच्या दुखण्यासारखेच निघाले. तेव्हा उलगडा झाला. विद्यार्थी सकाळी प्रेते चिरीत आणि त्याच हातांनी बायका तपाशीत. सुईणी प्रेतांना हात लावत नसत. मे महिन्यापासून क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये शंभरात अठराच्या घरात असलेले मृत्यू जूनमध्ये दोनच्या आसपास आले. मोठ्या डॉक्टरांना हे रुचले नाही. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्याच्याही आधी, १७९५ साली, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने कोणत्या सुईणीमागे ताप गेला याची यादी छापली होती आणि तो ताप आपणही वाहून नेला असे कबूल केले होते. एवढे धैर्य त्या शतकात दुर्मीळ होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातातला दिवा आठवतो. खरे तर त्यांच्या हाती दिव्यापेक्षा आकड्यांची वही अधिक वेळ असे. लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात त्यांनी सुईणींच्या शिक्षणासाठी प्रसूती विभाग चालवला. तिथे बाळंतरोगाने बायका मरू लागल्या तेव्हा, १८६७ साली, तो बंद झाला. मग त्यांनी जमतील तिथले आकडे गोळा केले आणि १८७१ साली पुस्तक काढले. घरी हजार बाळंतपणांत सुमारे ५ मृत्यू, तर त्यांच्या स्वतःच्या विभागात हजारी ३३. आपल्याच संस्थेचा हा आकडा त्यांनी लपवला नाही. रुग्णसेवेच्या संशोधनाची खरी सुरुवात आम्ही इथे मानतो.

याच सुमारास आपल्या देशात मात्र दाईला सरसकट गुन्हेगार ठरवणे सुरू होते. १८८५ साली डफरिन फंड निघाला, १८८६ साली मुंबईत कामा इस्पितळ उघडले, १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल निधी उभारला. कामे मोलाची होती, यात शंका नाही. पण त्या काळचे अहवाल वाचले तर वाटावे की हिंदुस्थानातल्या बाळंतिणी केवळ दाईच्या घाणेरड्या नखांनी मरत होत्या. भूक, पंडुरोग, कोवळे वय, दूरचा रस्ता हे सगळे बाजूला. उलट बाजूही सांगितली पाहिजे. गंजक्या पात्याने नाळ कापल्याने धनुर्वात होऊन असंख्य बाळे गेली, हेही खरे आहे. दाईचा उगाच उदोउदो करण्यात अर्थ नाही. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमांनी (कारकीर्द १९०१ ते १९२६) यातला मधला मार्ग धरला. दायांना हाकलून न देता त्यांना शिकवायचे, आणि सोबत परिचारिकांचे शिक्षणही सुरू करायचे.

विसाव्या शतकात एक महत्त्वाचा बदल झाला. तोवर सुईण आणि नर्स ही अभ्यासाचा विषय होती, आता ती स्वतः अभ्यास करू लागली. इंग्लंडमध्ये जेनिफर स्लीप ही सुईण होती. बाळंतपणात सर्रास खालून काप देऊन टाके घालतात, त्याची खरोखर गरज असते का, हा प्रश्न तिने धरला. आपल्यापैकी कितीतरी आया-बहिणींनी हे टाके मुकाट सोसले आहेत. तिने आणि सहकाऱ्यांनी १००० बायकांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटात शक्यतो काप द्यायचा नाही, दुसऱ्यात मोकळ्या हाताने द्यायचा. पहिल्या गटात १० टक्के बायकांना काप द्यावा लागला, दुसऱ्यात ५१ टक्के. १९८४ साली निकाल छापून आला. बाळांच्या प्रकृतीत फरक नव्हता, आणि काप टाळल्याने आईचे दुखणे वाढलेही नव्हते. अमेरिकेत लिंडा एकन या नर्स-संशोधिकेने पेनसिल्व्हेनियातल्या १६८ इस्पितळांचा हिशेब २००२ साली मांडला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एकटी उभी असणारी सिस्टर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ खेड्यांत एक प्रयोग केला. जेमतेम शिकलेल्या गावातल्याच बायका निवडल्या. बाळाचे वजन कसे घ्यायचे, त्याला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचे, जंतुदोष कसा ओळखायचा आणि इंजेक्शन कसे द्यायचे, हे त्यांना शिकवले. गावच्या दायांना दूर सारले नाही, सोबत घेतले. शेजारच्या ४७ गावांत केवळ नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी त्या ४७ गावांत हजारी ५९.६ नवजात मुले दगावली, प्रयोगाच्या गावांत २५.५. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले तेव्हा शंका घेणारे पुष्कळ होते. अर्धशिक्षित बाईच्या हाती सुई द्यायची? व्हिएन्नातही विद्वानांचा सूर असाच होता.

२०११ साली भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या कामात घेतली. आता इस्पितळातून बाळ घरी आले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा दारात येते. आपल्या मोहल्ल्यांतूनही या कामात बुरखा घालणाऱ्या, नऊवारी नेसणाऱ्या, पंजाबी ड्रेसातल्या अशा सगळ्या बायका आहेत. चाळिशीच्या आत घरातून कोणी बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नाही, पण तिला पडदा बाजूला करून आत घेतात. ती बाळाला झोळीत ठेवून काट्याला लावते, काटा स्थिर होईपर्यंत थांबते आणि वजन वहीत लिहिते.