न फुटणारा तारा

आम्हा कवींच्या ओळींत तारे रोज तुटतात. त्या खरे तर उल्का. खरोखरीचा तारा फुटतो तो सुपरनोव्हा. तो स्फोट गणितात घडवण्यासाठी काही माणसांनी आयुष्ये वेचली, हे वाचून माझ्यासारखा कलाशाखेचा बी.ए. थक्क होतो.

या विद्येचे मूळ शांत वेधशाळेत नाही. हायड्रोजन बाँबवर काम केलेले अमेरिकन शास्त्रज्ञ स्टर्लिंग कोलगेट १९५९ मध्ये जिनिव्हाला अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींत सल्लागार होते. चोरट्या चाचण्या उपग्रहांनी पकडाव्यात, अशी चर्चा चालली होती. त्यांनी विचारले, दूरचा एखादा तारा फुटला आणि त्याचे गॅमा किरण उपग्रहाला बाँबचेच वाटले तर? नेमके उत्तर कुणापाशीच नव्हते. मग तेच हिशेबाला बसले. बाँबच्या गणिताची रीत ताऱ्याला लावली. गाभा कोसळतो आणि तिथून निसटणारे न्यूट्रिनो बाहेरचे थर उडवून देतात, असे १९६६ मध्ये रिचर्ड व्हाइट यांच्यासह त्यांनी मांडले.

पुढच्या, अधिक काटेकोर गणितांत मात्र तारा फुटेना! गाभा सेकंदाच्या आत कोसळे, उसळी घेई, धक्क्याची लाट निघे आणि शे-दोनशे किलोमीटरांवर दमून थांबे. वर्षानुवर्षे हेच. लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेतले जेम्स विल्सन त्या थांबलेल्या लाटेपाशी चिवटपणे बसून राहिले. १९८२ च्या सुमारास त्यांनी गणित नेहमीपेक्षा लांबवले. अर्ध्या सेकंदाच्या सुमारास न्यूट्रिनोंच्या उष्णतेने निपचित लाट पुन्हा उठली. १९८५ मध्ये हान्स बेथे यांच्यासह त्यांनी ते प्रसिद्ध केले. बेथे म्हणजे पहिल्या अणुबाँबच्या वेळी लॉस अलामॉसच्या सैद्धांतिक विभागाचे प्रमुख. हिरोशिमाच्या वाटेने आलेले हे ज्ञान मला निवांत मनाने घेता येत नाही. टाकूनही देता येत नाही.

त्याचा पडताळा आला तोही जपानात. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी कामिओकाच्या खाणीत, प्रोटॉनचा क्षय पाहण्यासाठी बांधलेल्या पाण्याच्या टाकीत, सुमारे १३ सेकंदांत ११ न्यूट्रिनोंची नोंद झाली. सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवरचा तारा फुटला होता. त्याचा उजेड काही तास मागून आला. हा ओघ असा काही सेकंद टिकतो, हे अ‍ॅडम बरोज आणि जेम्स लॅटिमर यांच्या १९८६ च्या गणितात आधीच होते.

बरोज पुढे प्रिन्स्टनला प्राध्यापक झाले. त्यांच्या अलीकडच्या त्रिमितीय गणितांत बरेच तारे आपणहून फुटतात. काही मात्र अजूनही फुटत नाहीत. त्यांचे कृष्णविवर होते.