पाच हजार वर्षं जुनी? चिनी उपचारांची खरी जन्मकथा

मागच्या महिन्यात आईला एका अ‍ॅक्युपंक्चरवाल्याकडे घेऊन गेलो होतो. गुडघे तिला रात्री झोपू देत नाहीत. सुया टोचल्या, पाठीला कप लावले. तिला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण निघताना त्या गृहस्थांनी तिला हळूच सांगितलं, "आता शुगरच्या गोळ्या बंद करा. ही पाच हजार वर्षं जुनी विद्या आहे, सगळं मुळापासून जाईल." आईने आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत आणि मला सांगितलंही नाही. चक्कर येऊन बसली, तेव्हा कळलं.

आता ती ठीक आहे. पण ते 'पाच हजार वर्षं' डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो. जे सापडलं ते इथे मांडतोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी वयाचं बघू. चीनमध्ये मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७०च्या दशकात उघडली गेली. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. शरीरातल्या वाहिन्यांचं वर्णन आहे, औषधी वनस्पती जाळून शेक द्यायची पद्धत आहे, पण त्या वाहिन्यांवर सुया टोचण्याचा उल्लेख नाही. सुयांचं सविस्तर शास्त्र येतं ते 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी. दोन हजार वर्षंही काही कमी नाहीत, पण फ्लेक्सवर पाच हजार जास्त शोभून दिसतात.

शेक द्यायच्या त्या पद्धतीला मोक्सा म्हणतात. त्यात जाळतात ती वनस्पती आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातली. आणि कप लावणं आपल्याला नवीन आहे का? आपल्याकडे तुंबडी लावणारे गावोगाव फिरायचे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकल फेल्प्सच्या अंगावर ते गोल डाग दिसले आणि तुंबडीची एकदम 'थेरपी' झाली.

आता पुढची गंमत. १८२२ साली चीनच्या बादशहानेच राजवैद्यकीय संस्थेतून सुया आणि शेक दोन्ही बंद करून टाकले. १९२९ मध्ये तिथल्या राष्ट्रवादी सरकारपुढे जुनं वैद्यक टप्प्याटप्प्याने संपवायचा प्रस्ताव आला. देशभरातले वैद्य १७ मार्चला शांघायमध्ये जमले, एवढा गदारोळ केला की प्रस्ताव बारगळला.

मग माओ आले. प्रचंड लोकसंख्या आणि आधुनिक डॉक्टर मूठभर, हा त्यांचा खरा प्रश्न होता. म्हणून जुन्या वैद्यांना सरकारी आश्रय मिळाला. गावोगावच्या, घराण्याघराण्याच्या वेगवेगळ्या, कधी एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धती एकत्र करून अभ्यासक्रम बनला. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझू आणि चेंगडू इथे कॉलेजं निघाली. आज जगभर जे 'पारंपरिक चिनी वैद्यक' म्हणून ओळखलं जातं, त्याची घडी ही अशी १९५०च्या दशकात बसली. माल जुना, गाठोडं नवं. माओंचे खासगी डॉक्टर ली झिसुई यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की खुद्द माओंचा या औषधांवर विश्वास नव्हता, ते स्वतः घेतही नसत!

अमेरिकेत सुयांचं वेड पसरलं ते १९७१ मध्ये. जेम्स रेस्टन या पत्रकाराचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन नेहमीसारखं भुलीचं इंजेक्शन देऊन झालं. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास होत होता म्हणून. त्याने तसंच लिहिलं. पण तोंडोतोंडी गोष्ट झाली की भूल न देता, नुसत्या सुयांवर पोट फाडलं. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं तेव्हाही फॉरवर्ड होतेच.

आपला धागाही यात आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. जखमी सैनिकांवर त्यांनी केल्या त्या आधुनिक शस्त्रक्रिया. त्याच पथकातले बंगालचे डॉ. विजयकुमार बसू नंतर पुन्हा चीनला गेले, सुया शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी अ‍ॅक्युपंक्चर रुजवलं. भारतात ही विद्या अशी आली.

मग हे सगळं थोतांड का? नाही. इथेच मला थांबून विचार करावा लागला.

१९६७ मध्ये चीनने मलेरियावर औषध शोधायला गुप्त प्रकल्प सुरू केला. संशोधक तू यूयू यांनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या पुस्तकात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. म्हणजे उकळायची नाही! उष्णतेने गुण जात असेल, असं त्यांनी ताडलं आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. आधी प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, लाखो जीव वाचले, २०१५ चं नोबेल आलं. ही छिंगहावसुद्धा दवण्याचीच बहीण.

आता दुसरी बाजू. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून दुसरी, विषारी वनस्पती गेली. शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या बिघडल्या. तीही 'नैसर्गिक'च होती.

आणि सुयांचं काय? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल आला. सुया घेणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना आराम पडला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना. पण भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्या रुग्णांपैकीही ४४ टक्क्यांना आराम पडलाच! म्हणजे दुखणं कमी झालं हे खरं, पण नेमक्या बिंदूंचं शास्त्र त्यातून सिद्ध झालं नाही.

म्हणून आईला मी सुया बंद कर म्हटलं नाही. गुडघ्याला आराम पडतोय तर जाऊ दे. पण शुगरची गोळी रोज सकाळी मी समोर उभा राहून देतो. आपल्याकडेही वैद्यक आहे, अभिमान आहे, फ्लेक्स तर आहेतच. तू यूयूंनी जुन्या पोथीतली एक ओळ घेतली आणि ती आधी तपासली. आपल्या गल्लीतला माणूस नुसती वर्षं मोजतो. पुढच्या वेळी कुणी 'पाच हजार वर्षं' म्हणालं, तर एवढंच विचारा: तपासलं कुणी? आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांचा डबा आज एकदा उघडून बघा.