यंत्रांची हजेरी

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या एका टाकीचे तापमान स्थिर ठेवून प्रयोग चालू होता. दोन एकसारखे तापमापक संगणकाला जोडलेले होते. एक टाकीत बुडवलेला, दुसरा खोलीच्या हवेत टांगलेला. संगणक दर मिनिटाला दोघांची नोंद दोन रकान्यांत करीत असे. नऊ दिवसांनी आलेख काढले, तेव्हा एक चमत्कार दिसला. मधल्या काही दिवसांत टाकीतले पाणी दिवसा तापत होते आणि रात्री निवत होते. खोलीतली हवा मात्र दिवसरात्र एकाच तापमानावर स्थिर होती!

तापमापक बिघडले नव्हते, की कोणी त्यांची अदलाबदल केली नव्हती. त्या नऊ दिवसांत चार वेळा वीज गेली होती. वीज आली की संगणक आपोआप सुरू होई आणि दोघांपैकी जो तापमापक आधी ओळखला जाईल त्याला ‘शून्य’, नंतरच्याला ‘एक’ असे नाव देई. आमची आज्ञावली ‘शून्य’ म्हणजे टाकी असे धरून बसली होती. पहाटेच्या वेळी दोन्ही तापमाने जवळजवळ सारखीच असत, त्यामुळे अदलाबदल नेमकी कोठून झाली हे सांगता येईना. नऊही दिवसांच्या नोंदी आम्हाला टाकून द्याव्या लागल्या.

चूक आमचीच होती. पण तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो बराच जुना आहे. यंत्र आल्याची वर्दी कोणी द्यायची, आणि त्याला नाव कोणी ठेवायचे? युनिक्स आणि तिच्या घराण्यातली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली. त्या बदलांची ही हकिकत.

हात वर करण्याची सोय

वर्गात शिक्षक दोन प्रकारे शंका विचारून घेऊ शकतात. प्रत्येक बाकापाशी जाऊन ‘तुला काही विचारायचे आहे का?’ असे विचारत फिरायचे, किंवा ज्याला शंका असेल त्याने हात वर करायचा. पहिल्या रीतीत शिक्षकांचा सगळा तास फिरण्यातच जातो. सुरुवातीचे संगणक छपाईयंत्राशी किंवा कार्डवाचकाशी असेच वागत: ‘झाले का काम?’ असे विचारत थांबून राहत.

१९५० च्या दशकात दुसरी रीत आली. उपकरणाने विद्युतसंकेत पाठवायचा; संगणकाने हातातले काम बाजूला ठेवून उपकरणाकडे बघायचे आणि मग पुन्हा कामाला लागायचे. या संकेताला इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, असे म्हणतात. नेदरलँड्समधल्या एक्स-१ या संगणकात ही सोय होती. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी तिच्यासाठी लिहिलेली आज्ञावली हा त्यांच्या १९५९ सालच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. ही कल्पना प्रथम ऐकून आपण घाबरलो होतो, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. व्यत्यय केव्हा येईल हे आधी सांगता येत नाही; त्यामुळे त्यातून झालेली चूक मुद्दाम पुन्हा घडवून तपासताही येत नाही. ही भीती किती रास्त होती, ते पुढे दिसेलच.

उपकरण म्हणजे एक फाईल

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. त्यांची एक कल्पना फार साधी आणि फार दूरगामी ठरली. छपाईयंत्र, टेप, चकती अशा प्रत्येक उपकरणाला त्यांनी एका फाईलचे रूप दिले. या सगळ्या फायली ‘डेव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत ठेवल्या. फाईलमध्ये लिहावे तसे छपाईयंत्राच्या फाईलमध्ये लिहिले की कागदावर छापले जाते. फाईल कोणी वाचावी आणि कोणी वाचू नये याचे जे नियम, तेच उपकरणांनाही लागू. प्रोग्राम लिहिणाऱ्याला प्रत्येक उपकरणाची वेगळी भाषा शिकण्याची गरज उरली नाही.

या फाईलच्या पोटात मजकूर नसतो. असतात दोन क्रमांक. मुख्य क्रमांक सांगतो की उपकरण कोणत्या जातीचे आहे, आणि दुय्यम क्रमांक सांगतो की त्या जातीतले ते कितवे. इयत्ता आणि हजेरीपटावरचा क्रमांक, असेच म्हणा ना. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो मध्यवर्ती भाग, ज्याला कर्नल म्हणजे गाभा म्हणतात, तो या क्रमांकांवरून उपकरण ओळखतो. फाईलचे नाव आहे ते आपल्यासाठी.

ही फाईल व्यवस्थापकाने एकदा हाताने तयार करायची. त्या काळी हे अगदी योग्य होते. कपाटाएवढे यंत्र खोलीत येई ते वर्षानुवर्षे राहण्यासाठी, आणि ते जोडण्यापूर्वी संगणक बंद केला जाई.

अठरा हजार नावांचा हजेरीपट

१९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा उपकरणांची हीच पद्धत त्यात आली. पण आता परिस्थिती वेगळी होती. लिनक्स हजारो प्रकारच्या घरगुती संगणकांवर चालवायची होती, आणि कोणाच्या संगणकात काय असेल हे आधी कोण सांगणार? म्हणून शक्य असलेल्या सगळ्याच उपकरणांच्या फायली आधीच करून ठेवण्याची प्रथा पडली. २००३ सालच्या रेड हॅट ९ या लिनक्सच्या आवृत्तीत ‘डेव्ह’ डिरेक्टरीत १८,००० हून अधिक नावे होती. संगणकात प्रत्यक्ष असत ती थोडीच उपकरणे. गावातल्या प्रत्येक संभाव्य मुलाचे नाव हजेरीपटावर घालून ठेवावे आणि वर्गात तीस मुले बसलेली असावीत, तसे हे झाले. नाव आहे म्हणजे उपकरण आहे, असे म्हणण्याची सोयच राहिली नाही.

शिवाय क्रमांकही संपत आले. दोन्ही क्रमांकांना ८-८ बिटे दिलेली होती, म्हणजे प्रत्येकी २५६ च शक्यता.

त्यातच १९९६ च्या जानेवारीत यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. आता संगणक चालू असतानाच उपकरण जोडायचे आणि काढायचे. हे कसे कळते, तेही पाहण्यासारखे आहे. यूएसबीच्या केबलमध्ये माहिती वाहणाऱ्या दोन तारा असतात आणि संगणकाच्या बाजूला त्या शून्य व्होल्टजवळ खेचून ठेवलेल्या असतात. उपकरणात १.५ किलोओहमचा एक रोधक असतो. उपकरण जोडताच तो दोहोंपैकी एका तारेचे विभव वर खेचतो. विभव वाढले, म्हणजे कोणीतरी आले! मग संगणक त्याला पत्ता देतो आणि विचारपूस करतो: उत्पादक कोण, नमुना कोणता, अनुक्रमांक काय. पत्ता ७ बिटांचा असतो आणि शून्य हा पत्ता नवागतासाठी राखलेला असतो. म्हणून एका यूएसबी मार्गावर जास्तीत जास्त १२७ उपकरणे राहू शकतात.

अशा येत्या-जात्या मंडळींसाठी हाताने फाईल करून ठेवण्याची पद्धत निरुपयोगी होती.

गाभ्यानेच नाव ठेवले तर?

पहिला उपाय सरळ होता. उपकरण आल्याचे गाभ्यालाच आधी कळते, तर फाईलही त्यानेच करावी. रिचर्ड गूच यांनी लिहिलेली ‘डेव्हएफएस’ ही व्यवस्था २००१ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.४ मध्ये होती. तिच्यामुळे जे उपकरण आहे त्याचीच फाईल दिसू लागली.

तरीही तिच्यावर टीका झाली, आणि तीही दोन प्रकारची. तिच्यात स्पर्धास्थितीचे दोष होते. दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या तर निकाल कोण आधी पोहोचला यावर ठरे. डायक्स्ट्रांची जुनी भीती ती हीच. दुसरा आक्षेप तत्त्वाचा होता. नावे काय असावीत हे गाभ्यातच लिहिलेले होते. छपाईयंत्राला ‘ऑफिसातला’ म्हणायचे की ‘ग्रंथालयातला’, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तो गाभ्यात कशासाठी?

सांगणारा वेगळा, ठरवणारा वेगळा

लिनक्स २.४ मध्ये आणखी एक लहानशी सोय होती. उपकरण आले की गाभा ‘हॉटप्लग’ नावाचा एक बाहेरचा प्रोग्राम चालू करी आणि काय घडले ते त्याला सांगे. २००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स २.६ ने यात मोलाची भर घातली. पॅट्रिक मोशेल यांच्या ‘सिसएफएस’मुळे गाभ्याला उपकरणांविषयी जे जे ठाऊक आहे ते फायलींच्या रूपात बाहेरून वाचता येऊ लागले. मुख्य क्रमांकाला १२ आणि दुय्यम क्रमांकाला २० बिटे मिळाली.

या दोन गोष्टींच्या आधारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’ हा प्रोग्राम लिहिला. २००३ च्या जुलैमध्ये ओटावा येथील लिनक्स परिसंवादात त्यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे के सिव्हर्स यांनी या कामात मोठा वाटा उचलला. यूडेव्हचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. गाभ्याने फक्त घटना आणि वस्तुस्थिती सांगावी, नाव आणि निर्णय बाहेर ठरावेत. निर्णयाचे नियम साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचे असतात. प्रत्येक नियमाचे दोन भाग: अट आणि कृती. ‘अमुक उत्पादकाचे, अमुक अनुक्रमांकाचे उपकरण आले, तर त्याला टाकी-तापमापक असे नाव दे.’ नाव देण्याबरोबरच परवानग्या ठरवणे किंवा एखादा छोटा प्रोग्राम चालवणे, हेही नियमात सांगता येते.

फरक कळीचा आहे. पूर्वी नाव मिळे ते वर्गात शिरण्याच्या क्रमावरून. आता ते मिळू लागले ओळखीवरून.

अर्थात सुरुवातीला अडचणी आल्याच. प्रत्येक घटनेसाठी गाभा एक वेगळा प्रोग्राम चालू करी, आणि ते आपापल्या वेगाने पळत. ‘उपकरण गेले’ ही वार्ता ‘उपकरण आले’ या वार्तेच्या आधी पोहोचू शके! म्हणून प्रत्येक घटनेला अनुक्रमांक देण्यात आला. नंतर तर घटना थेट एका सतत जाग्या असणाऱ्या प्रोग्रामकडे रांगेने पाठवण्याची पद्धत आली. दुसरी अडचण अशी की, संगणक सुरू होताना बरीच उपकरणे हा प्रोग्राम जागा होण्यापूर्वीच ओळखलेली असतात. त्यावर शाळेतलाच उपाय सापडला. गाभ्याला सांगायचे, ‘पुन्हा एकदा हजेरी घे.’ मग तो आधीच आलेल्यांची नावे नव्याने पुकारतो.

डेव्हएफएस २००६ मध्ये गाभ्यातून काढून टाकण्यात आली.

काही पावले मागे

इथे गोष्ट संपली असती तर ती फारच सुबक झाली असती. पण २००९ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या लिनक्स २.६.३२ मध्ये ‘डेव्हटीएमपीएफएस’ ही नवी सोय आली, आणि उपकरणाची फाईल पुन्हा गाभाच करू लागला! संगणक सुरू होण्याच्या पहिल्या क्षणांत, बाहेरचा कोणताच प्रोग्राम जागा नसताना, निदान चकतीची फाईल तरी हवी, असा त्यामागे विचार होता. मग डेव्हएफएसवाले बरोबर होते काय? अर्धे बरोबर होते, असे आम्हाला वाटते. गाभा आता फाईल करतो ती तात्पुरत्या, साध्या नावाने. टिकाऊ नाव आणि परवानग्या हे निर्णय यूडेव्हकडेच राहिले. वर्गात आलेल्या मुलाला बसायला जागा लगेच द्यावी. त्याचे नाव-गाव विचारून नोंद सावकाश करावी.

२०१२ मध्ये यूडेव्हचा प्रकल्प ‘सिस्टिमडी’ या मोठ्या प्रकल्पात विलीन झाला. सगळ्यांना हे रुचले नाही, आणि त्याच वर्षी काहींनी ‘ईयूडेव्ह’ ही स्वतंत्र शाखा काढली. २०१३ पासून नेटवर्क कार्डांची नावेही शोधाच्या क्रमाऐवजी कार्ड बसवलेल्या जागेवरून देण्याची पद्धत सुरू झाली. दोन कार्डे असलेल्या संगणकात एक घरातल्या जाळ्याला आणि दुसरे बाहेरच्या जगाला जोडलेले असते. त्यांची नावे उलटली, तर पहारेकऱ्याचे तोंड घराकडे होते!

अनुक्रमांकच नसेल तर?

आता आमच्या तापमापकांकडे वळू. त्यांना अनुक्रमांकावरून नाव द्यावे, असा नियम लिहायला आम्ही बसलो आणि अडलो. तापमापक ज्या केबलींनी जोडले होते त्या एकाच बनावटीच्या होत्या आणि त्यांच्यात अनुक्रमांकच नव्हता. दोघींची विचारपूस केली तर उत्तर अक्षरशः एकच. शेवटी आम्ही केबल कोणत्या खाचेत बसली आहे त्यावरून नाव देणारा नियम लिहिला आणि संगणकाच्या मागे दोन खाचांवर ‘टाकी’ आणि ‘खोली’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. वीज आता कितीही वेळा जावो, नावे बदलत नाहीत. पण कोणी केबली चुकीच्या खाचेत घातल्या, तर यूडेव्ह काहीही करू शकणार नाही. वस्तूत जी ओळख मुळात नाही, ती कोणताही नियम निर्माण करू शकत नाही.

शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स असेल तर हा सगळा प्रकार विद्यार्थ्यांना दाखवता येतो. यूडेव्हबरोबर घटना पाहण्याची एक आज्ञा मिळते. ती देऊन एखादा माऊस काढावा आणि पुन्हा जोडावा. आधी गाभ्याने पुकारलेल्या घटना आणि मागोमाग यूडेव्हने नियम लावून झाल्यावर पुकारलेल्या घटना, अशा दोन रांगा पडद्यावर दिसतात. एका माऊससाठी किती घटना घडतात हे मोजायला सांगावे. मग तोच माऊस दुसऱ्या खाचेत घालून काय बदलले आणि काय तसेच राहिले, याची यादी करायला लावावी. जे बदलले ती जागा. जे राहिले ती ओळख. हा फरक आम्हाला नऊ दिवसांच्या नोंदी घालवून कळला. विद्यार्थ्यांना तो एका तासात कळेल.